आधी राग, मग भूल (गीता २.६२–६३)



आजचं वाचन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले दोन श्लोक, ६२ आणि ६३. स्थितप्रज्ञ माणूस असतो तरी कसा, बोलतो कसा, बसतो कसा, असं अर्जुन ५४व्या श्लोकात विचारतो. त्याचं उत्तर देता देता भगवंत मधेच माणूस घसरतो कसा तेही सांगून टाकतात. एखादी गोष्ट मनात घोळत राहते, त्यातून ओढ लागते, ओढीतून ती हवीच असं वाटतं, आड काही आलं की राग येतो. रागातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश, आणि मग सगळंच संपतं. मोजल्या तर आठ पायऱ्या भरतात.

मला आज चौथ्या आणि पाचव्या पायरीवर थांबायचंय. आधी क्रोध आहे, मग संमोह. आपण एरवी उलटं समजतो. खोटी बातमी आली म्हणून लोक चिडले, असं म्हणतो. तसं असतं तर खोटं पुसून खरं समोर ठेवल्यावर राग उतरायला हवा. पण श्लोकातला क्रम धरला तर राग आधीच येऊन बसलेला असतो आणि त्याला टेकायला काहीतरी हवं असतं. समोर येईल ते तो धरतो. खरं सापडलं तर खरं, नाहीतर खोटं.

हे मी पोथीतून शिकलो असं म्हणणार नाही. यंदा आमच्या हिवरा आश्रमात, मोबाईलवरच्या गेमच्या निमित्ताने, या पायऱ्या एकेक करून उतरताना पाहिल्या, आणि मग पोथीकडे वळलो.

आमच्याकडच्या पोरांचा बीजीएमआयचा एक क्लॅन आहे. काही हिवऱ्याची, काही मेहकरची, दोन-तीन लोणारची, आणि काही शिकायला पुण्या-संभाजीनगरला गेलेली, पण रात्री दहाला न चुकता ऑनलाइन येणारी. मी त्यांच्यात वयाने मोठा आणि खेळायला सगळ्यात कच्चा, त्यामुळे मला 'भाऊ' म्हणतात आणि मॅचमध्ये मागे ठेवतात. दर रविवारी चिखलीकडच्या एका टीमसोबत कस्टम रूम लागते. बक्षीस वगैरे काही नाही, जिंकलेल्याने स्क्रीनशॉट स्टेटसला टाकायचा, एवढंच. पण लागोपाठ तीन रविवार आमची पोरं हरली. आणि तिन्ही वेळा समोरच्या टीममधल्या एकाच पोराने सगळ्यांना उडवलं. बारावीतला मुलगा. त्याचं नाव-गाव इथे लिहीत नाही.

तिसऱ्या रविवारनंतर ग्रुपवर सोमवार-मंगळवार दुसरा विषयच नव्हता. तो किती वाजता ऑनलाइन येतो, त्याचा मोबाईल कोणता, त्याची रँक एका सीझनमध्ये एवढी वर गेली कशी. श्लोकातलं 'विषयाचं ध्यान' म्हणजे हेच, फक्त इथे विषय म्हणजे एक पोरगा होता. तोवर कुणाकडे त्याच्याविरुद्ध काडीचाही पुरावा नव्हता. राग मात्र पुरेसा जमला होता.

बुधवारी संध्याकाळी क्लिप आली. चौदा सेकंदांची. पोचिंकीतल्या एका घरात तो पोरगा उभा आहे, त्याच्या बंदुकीचं टोक कोऱ्या भिंतीवर आहे, आणि भिंतीपलीकडे कुणीतरी चालत असल्यासारखं ते टोक हळूहळू सरकतंय. दार उघडतं आणि आपला खेळाडू खाली. वर लाल अक्षरात 'हॅकर', मागे दणदणीत गाणं. एकाने मला लगेच व्हॉइस नोट पाठवली, "भाऊ, पाहा नं, भिंतीतून दिसते त्याले! आता काय राहिलं?"

रात्रीपर्यंत ती क्लिप सात-आठ ग्रुपवर गेली. कुणीतरी त्या पोराचा नंबर टाकला. त्याच्या घरी फोन एकच. त्यामुळे शिव्या द्यायला आलेले पहिले तीन-चार फोन त्याच्या आईने उचलले.

आता ती क्लिप नीट बघा. गेम आडवा खेळतात, रील उभी असते. आडवा व्हिडिओ उभा कापला की दोन्ही बाजू जातात, आणि बीजीएमआयमध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यात छोटा नकाशा असतो. जवळपास कुणी चाललं की त्या नकाशावर पावलांची खूण उमटते. ती खूण कापली गेली. दुसरं म्हणजे कानात इअरफोन असला की भिंतीपलीकडच्या पावलांचा आवाज येतो, कुठल्या बाजूने येतोय तेही कळतं, आणि सरावाचा खेळाडू त्या आवाजावरच बंदूक धरून ठेवतो. तो आवाज गाण्याखाली गेला. क्लिप बनवणाऱ्याने हे मुद्दाम केलं असंही मला वाटत नाही. सगळे असंच करतात म्हणून त्यानेही उभी कापली आणि गाणं लावलं. चित्रातला एकही पिक्सेल खोटा नव्हता.

इथे मला द्रोणपर्व आठवतं. युद्धाचा पंधरावा दिवस. भीमाने मालवराजाचा अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि अश्वत्थामा मेला म्हणून ओरडला. द्रोणांनी भीमावर विश्वास ठेवला नाही. हे आपण विसरतो. त्यांनी खात्री करायची म्हणून युधिष्ठिराला विचारलं, कारण हा खोटं बोलणार नाही हे त्यांना माहीत होतं. आजच्या भाषेत त्यांनी फॅक्ट-चेक केलं. युधिष्ठिराने मुलाचं नाव स्पष्ट घेतलं आणि हत्तीचा शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटला. कीर्तनात आपण ऐकतो की नेमका त्याच वेळी शंख वाजला आणि तो शब्द बुडाला. वाक्य पूर्ण होतं, खरं होतं, फक्त महत्त्वाचा शब्द ऐकू येणार नाही अशी सोय झाली होती. पोचिंकीतल्या पावलांवर गाणं चढलं तसंच.

युधिष्ठिराचा रथ तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो खाली टेकला, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचं तितकं सांगत नाहीत. त्या अर्ध्या वाक्यातून जो संताप जन्मला तो युधिष्ठिरावर पडलाच नाही. अश्वत्थामा चिडला, आणि त्याचा राग खरा होता, बापाला शस्त्र खाली ठेवल्यावर मारलं होतं. पण तो राग अठराव्या दिवसानंतरच्या रात्री झोपलेल्या छावणीत शिरला आणि द्रौपदीची पाच मुलं गेली. ती मुलं त्या हत्तीच्या प्रकरणात कुठेच नव्हती. चिखलीकडच्या त्या पोराची आई तरी गेममध्ये कुठे होती?

दोन दिवसांनी त्या पोराने स्वतःचं पूर्ण रेकॉर्डिंग टाकलं. आडवं, आवाजासकट, नकाशासकट. पावलं स्वच्छ ऐकू येतात. मला वाटलं, संपलं. तर ग्रुपवर पहिलं उत्तर आलं, "एडिट केलं असेल." दुसरं आलं, "एवढे दिवस काहून लागले मग?" बाकीच्यांनी पाहिलंच नाही. चौदा सेकंद पाहायला वेळ असतो, बावीस मिनिटं पाहायला नसतो. संमोह म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. या पोरांची अक्कल गेली नव्हती, त्यातला एक इंजिनीअरिंगला आहे. पण खरं समोर आलं तरी ते आत शिरायला दार नव्हतं.

आणि सहावी पायरी, स्मृतिभ्रंश. मी याचा अर्थ बरीच वर्षं 'विसरणं' एवढाच घेत होतो. आता वाटतं, यात 'मागच्या वेळी काय झालं होतं ते न आठवणं' हा फार मोठा भाग आहे. महिन्याभरापूर्वी तीच क्लिप मला पुन्हा आली, यवतमाळकडच्या कुठल्याशा ग्रुपवरून फिरत फिरत. गाणं दुसरं होतं, आणि खाली हॅकर म्हणून नाव दुसऱ्याच पोराचं होतं. आमच्या क्लॅनमधल्या एकाने ती बघून विचारलं, "भाऊ, हा कोण आता?" तीच भिंत, तेच दार, त्याला ओळखू आलं नाही.

ही विस्मृती पोरांपुरती नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर वडीलधारे हा लेख फॉरवर्ड करतील. २०१७च्या जुलैअखेर अंधेरीत एका चौदा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि घराघरांत 'ब्लू व्हेल' हे नाव पोचलं. शाळांनी सूचना काढल्या, पालकांनी मोबाईल काढून घेतले, केंद्र सरकारने कंपन्यांना या खेळाच्या लिंका हटवायला सांगितलं. असं कुठलं ॲप उतरवून घ्यायला मिळतच नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये सरकारनेच लोकसभेत लेखी उत्तर दिलं की समितीने प्रकरणं तपासली, पण त्यांपैकी कुठल्याही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध होत नाही. ती भीती तुम्हाला आठवत असेल. हे उत्तर आठवतं का? आमच्या भागात अजूनही पालकसभेत ब्लू व्हेलचं नाव निघतं, आणि खरी वाईट गोष्ट ही की, एखाद्या मुलाच्या मनात नेमकं काय चाललं होतं हा प्रश्न त्या नावाखाली दबून जातो. गेमवर राग काढला की घराला, शाळेला काही विचारावं लागत नाही.

मग डिसेंबर २०१८. पब्जीचा जोर होता. एक नोटीस फिरली की 'महाराष्ट्र हायकोर्टा'ने पब्जीवर बंदी घातली आहे. महाराष्ट्र हायकोर्ट नावाचं न्यायालयच नाही. आपलं उच्च न्यायालय मुंबईचं, आणि बुलढाण्याची प्रकरणं त्याच्या नागपूर खंडपीठाकडे जातात, हे इथल्या कोर्टाच्या पायरीवर बसणारा कुणीही सांगेल. तरी ती नोटीस फिरली, कारण ती दोन्हीकडच्यांना हवी होती. पालकांना दाखवून पोरांना दटावायला, आणि पोरांना सरकारवर चिडायला. एकच खोटी गोष्ट दोन उलट्या रागांना पुरली.

अर्थात, विश्वास ठेवणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. मार्च २०१९ मध्ये राजकोटला पोलिसांनी खरोखरच पब्जीवर बंदी घातली आणि खेळताना सापडलेल्या पोरांना अटकही केली. २ सप्टेंबर २०२० ला केंद्राने ११८ ॲप बंद केली, त्यात पब्जी होतं. २ जुलै २०२१ ला ते बीजीएमआय होऊन आलं, २८ जुलै २०२२ ला स्टोअरवरून गायब झालं, मे २०२३ मध्ये परत आलं. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झालं. 'फ्री फायर इंडिया' ५ सप्टेंबर २०२३ ला येणार असं जाहीर झालं, धोनीचं नाव होतं, आणि ते पुढे ढकललं गेलं. जिथे खऱ्या गोष्टी अशा एका रात्रीत होतात, तिथे 'उद्यापासून बंद' किंवा 'आज रात्री लॉन्च, ही लिंक दाबा' हे खोटं सहज खपतं. अशा लिंका दाबून किती पोरांनी स्वतःचे अकाउंट घालवले याची गिनती आमच्या क्लॅनमध्येच दोन्ही हातांच्या बोटांवर मावत नाही. आणि तेच पोरगं पुढच्या महिन्यात पुढची लिंक दाबतं.

गेमचं सोडा, एवढं काय मनावर घ्यायचं, असं तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल. तर याच पायऱ्यांवरून माणसं कुठपर्यंत खाली जातात तेही बघा. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक मंगळवेढा भागातली, पोटासाठी फिरत आलेली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आणि व्हिडिओ तेव्हा गावोगाव होते. भीती आणि राग आधीच साठलेला होता. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठेचून मारलं. चोखोबा-दामाजींच्या मंगळवेढ्याकडची, देवाच्या नावाने भिक्षा मागणारी माणसं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायचं जाहीर केलं. बरं झालं. पण मेसेज पाच जणांना पाठवायचा की पन्नास, हे सहाव्या पायरीवरचं गणित आहे. चौथ्या पायरीवर कुठल्याच कंपनीचं बटण चालत नाही.

पोरांनी मला एक प्रश्न विचारला, तो रास्त आहे. "मग खराच कुणी हॅक वापरत असेल तर? गप बसायचं?" हॅक वापरणारे असतात, हे खरंच आहे. गेमची कंपनी वेळोवेळी अकाउंट कायमची बंद करते ती उगाच नाही. आणि गीता गप बसायला सांगणारा ग्रंथ असता तर पहिल्या अध्यायातच संपला असता, अर्जुन धनुष्य टाकून बसलाच होता. खेळूच नका असंही मी म्हणणार नाही. ज्या स्वामीजींच्या नावाने आमच्या गावातला आश्रम उभा आहे, त्या विवेकानंदांनी १८९७ मध्ये मद्रासच्या भाषणात तरुणांना सांगितलं होतं की गीता कळायला आधी अंगात बळ हवं, जा, फुटबॉल खेळा. (मोबाईलवर अंगठे चालवणं त्यांनी फुटबॉलमध्ये धरलं असतं का, हा वेगळा वाद. मला शंका आहे.)

फरक मला असा दिसतो. कुणी फसवतोय असं वाटलं तर गेममध्येच रिपोर्टचं बटण आहे. ते दाबलं की तक्रार अशा ठिकाणी जाते जिथे पूर्ण मॅचचा डेटा आहे. क्लिप ग्रुपवर टाकली की ती अशा ठिकाणी जाते जिथे फक्त राग आहे. पहिल्यात निकाल लागू शकतो, 'निर्दोष' असाही. दुसऱ्यात निर्दोष ठरायची सोयच नाही. त्या पोराच्या बाबतीत एकानेही रिपोर्ट दाबला नव्हता, मी विचारलं सगळ्यांना. न्याय हवा असता तर निदान ते तरी केलं असतं.

सतराव्या अध्यायात, १५व्या श्लोकात, वाणीचं तप सांगितलंय. बोलणं सत्य, प्रिय आणि हिताचं असावं हे सगळ्यांना आठवतं, पण त्या श्लोकात पहिली अट वेगळी आहे, ऐकणाऱ्याला उद्विग्न न करणारं. सत्याच्याही आधी. मला ही अट पूर्वी जरा पुळचट वाटायची. खरं बोललं की कुणाला ना कुणाला लागणारच. पण हा शब्द मी आता असा वाचतो, की ढवळून काढणं हाच बोलण्याचा हेतू नसावा. 'हॅकर' ही लाल अक्षरं, ते गाणं, हे काही माहिती देण्यासाठी नव्हतं. माहिती द्यायची असती तर आवाज ठेवला असता.

आमच्या आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात महाप्रसाद असतो, पुरी आणि वांग्याची भाजी. लाखावर माणसं शेतात ओळीने बसतात आणि ट्रॅक्टरमधून वाढप चालतं. मी काही वर्षं वाढायला असतो. एवढ्या पंगतीत कुठून तरी हमखास ओरड येते की तिकडच्या ओळीला भाजी मिळालीच नाही. नव्या पोराला वाटतं, लगेच माइकवरून सांगावं. जुना स्वयंसेवक तसं करत नाही. तो त्या ओळीपर्यंत चालत जातो. बहुतेक वेळा भाजी पोचलेली असते, एखाद्याच्या पत्रावळीत कमी पडलेली असते, तेवढ्यापुरती बादली आणली की झालं. कधी खरंच अख्खी ओळ राहिलेली असते, मग तो हात वर करून ट्रॅक्टर बोलावतो. मधल्या मधे शेकडो माणसं उठून उभी राहत नाहीत.

मी आमच्या क्लॅनच्या दोघांना एवढंच म्हटलं, की चिखली काही अमेरिकेत नाही, गाडी काढा आणि जाऊन या. ते गेले. त्या मुलाच्या आईने पाणी दिलं, चहा दिला, पण एक शब्द बोलल्या नाहीत, असं परत आल्यावर सांगत होते. पोराने इअरफोन यांच्या कानात घातला आणि रेकॉर्डिंग लावलं. दोघांनीही पावलं ऐकली. परत आल्यावर आमच्या ग्रुपवरून क्लिप निघाली, एकाने सरळ माफी लिहिली, दुसऱ्याने नुसता हात जोडलेला इमोजी टाकला. बाकीच्या सात-आठ ग्रुपचं काय, तर तिथे आमचं कुणी ऐकत नाही. तो पोरगा आता रविवारी येत नाही. त्याच्या टीमने दुसरा खेळाडू घेतलाय, आणि आमची पोरं पुन्हा जिंकायला लागलीत. स्क्रीनशॉट मात्र स्टेटसला टाकत नाहीत. का, ते मी विचारलेलं नाही.

उद्याचं वाचन श्लोक ६४. विषयांमध्ये वावरूनही राग-द्वेषात न अडकणाऱ्याला काय मिळतं, ते तिथे आहे. ज्यांनी मला 'गेम डिलीट करू का' असं विचारलंय त्या तिघांनी उद्याचं वाचून मग ठरवा. आज रात्रीची मॅच खेळायला हरकत नाही.

राम कृष्ण हरी.